कुलवृत्तांतात माईआजीबद्दल काय लिहू?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी.

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. "तू निवृत्त आहेस ना" एवढ्या एका कारणावर आमच्या शाखेची माहिती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जन्म-मृत्यू, सुनांची माहेरं, कोण कुठे स्थायिक, कॅलिफोर्नियातल्या नातवंडांच्या पदव्या, सगळं भरून झालं. गाडी अडली आहे ती एकाच नोंदीवर. जुन्या आवृत्तीत पणजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे एवढंच छापलंय: "अल्पवयात वारले. पत्नी बालविधवा. निर्वंश." त्या पत्नीचं नावसुद्धा नाही.

ही आमची माईआजी. जन्म १८९० च्या आसपासचा, बाराव्या वर्षी कपाळ पुसलं. केशवपन, आलवण (म्हणजे विधवेचं तांबडं लुगडं), एक वेळचं जेवण, सगळं रीतसर. गाव हर्णै आणि केळशीच्या मधलं. नाव देत नाही, कारण तिथे आडनाव सांगितलं की घर सापडतं.

१९१४ च्या सुमारास गावातल्या मुलींच्या शाळेवर एक मास्तरीणबाई आल्या. त्याही विधवा, पण पुण्याला कर्व्यांच्या आश्रमात शिकलेल्या, डोक्यावर केस राखलेल्या. आता कर्वे म्हणजे हर्णैपलीकडच्या मुरुडचेच. १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून त्यांच्या गावाने त्यांना वाळीत टाकलं होतं. तेव्हा अशा बाईला जागा कोण देणार? पणजोबांनी दिली. सुधारक वगैरे होते म्हणून नव्हे हो, आगरावर, म्हणजे बागायतीवर, कर्ज होतं आणि पडवीच्या टोकाची खोली रिकामी होती. भाडं महिना दीड रुपया.

पुढे बाईंची बदली झाली राजापूरला. कुणीतरी निनावी अर्ज केला होता असं घरात म्हणतात. अर्जात काय होतं ते कुणी सांगत नाही.

खरी गोष्ट यानंतरची. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात घराची कौलं उडाली, माळा उघडा पडला. साफसफाईत एक पत्र्याचा डबा मिळाला. आत आलवणाच्या फडक्यात बांधलेली मनीऑर्डरची कूपनं, साठ-सत्तर तरी असतील. पहिलं १९१७ चं, शेवटचं १९२९ चं. पाठवणार बाई, घेणार माईआजी. सगळ्यांवर पहिलं वाक्य एकच: "जागेचे भाडे रु. १॥ पाठविले आहे."

म्हणजे राजापूरला राहणारी बाई इथल्या खोलीचं भाडं बारा वर्षं भरत होती. ज्या खोलीत ती वर्षाकाठी मे महिना, गणपती आणि दिवाळी एवढीच राहायची, त्या खोलीचं!

नमुन्यादाखल दोन-तीन उतरवते:

"खोली कुणास देऊ नये. खिडकीखालचा अनंत जगला का कळवावे. नारळी पौर्णिमा झाली, आगबोट सुरू होताच येते."

शके १८४०, कार्तिक. म्हणजे १९१८ चा नोव्हेंबर, इन्फ्लुएंझाची साथ: "ताप उतरल्याचे दुसऱ्याच्या हातचे पत्र आले. मला तुमच्या हातचे पाहिजे. वाकडे चालेल."

आणि हे एक, ज्याचा अर्थच लागत नाही: "मागील पोचेवरची सही बरी. वेलांटी दीर्घ हवी."

आणखी एक गोष्ट. विधवेला लिहायचं तर नावामागे "गं. भा." हवंच. पत्त्यात ते आहे, पोस्टमन वाचणार म्हणून. कूपनाच्या मजकुरात एकदाही नाही.

१९३० साली बाई नोकरी सोडून कायमच्या आमच्याकडे आल्या, त्याच खोलीत. माझे वडील १९३८ चे. त्यांना दोघी चांगल्या आठवतात. रात्री बाई कंदिलाशी पेपर मोठ्याने वाचायच्या आणि माईआजी सुपारी कातरत "हं, पुढे" म्हणायची. दोघींची एक गोधडी होती, एका बाजूला आलवण, दुसऱ्या बाजूला बाईंचं पांढरं लुगडं. ती घरात दुसरं कुणी पांघरत नसे, आलवणाची म्हणून.

माईआजी १९५१ ला गेली. घराला सुतक. आजोबा बाईंना म्हणाले, "बाई, तुम्ही परक्या, तुम्हाला सुतक नाही. दहा दिवस देवापुढे दिवा तेवढा तुम्ही लावत जा." बाई म्हणाल्या, "मला शिवता यायचं नाही देवाला." बस. दहा दिवस त्या कोपऱ्यात बसून राहिल्या. दिव्यासाठी शेजारच्या घरातून मुलगा बोलवावा लागला. वडील तेव्हा तेरा वर्षांचे. ते सांगतात, आजोबा नंतर त्या विषयावर कधी एक अक्षर बोलले नाहीत.

तर प्रश्न असा. मी या सगळ्याकडे बघते तेव्हा मला प्रेम दिसतं, दुसरं काही दिसत नाही. पण "बालविधवा, निर्वंश" याच्या जागी लिहू काय? आणि मला हे दिसतंय ते आजचा चष्मा लावल्यामुळे, असं कुणाला वाटत असेल तर तेही सांगा.

---

सडेतोड

ताई, राग मानू नका, पण हो, चष्माच आहे. आपल्या सगळ्यांच्या आज्या-पणज्या एका अंथरुणावर दोघी-तिघी निजायच्या. घरात पुरुषांना ओटी आणि बायकांना माजघर, दुसरी सोयच कुठे होती? दोन विधवा, दोघींना कुणी नाही, एकमेकींना धरून राहिल्या. याला जिव्हाळा म्हणतात. हल्ली जिव्हाळा कुणाला पुरत नाही, त्याला काहीतरी नाव चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय ज्या बाईने आयुष्यभर झाकून ठेवलं, ते तुम्ही ग्रंथात छापणार? तिला चाललं असतं का?

---

मोडीवाला

धागा वाचून खुर्चीतून उठलोच. काकू, त्या वेलांटीच्या वाक्याचं उत्तर माझ्याकडे आहे, बहुतेक.

मनीऑर्डरच्या फॉर्मचे भाग असायचे. खालचं कूपन पोस्टमन फाडून पैसे घेणाऱ्याला देई. पोचेचा तुकडा वेगळा. त्यावर घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तो टपालाने पाठवणाऱ्याकडे परत जायचा. म्हणजे तुमच्या बाई दर महिन्याला दीड रुपया पाठवत आणि पंधरा दिवसांत त्यांच्या हातात माईआजींच्या हातचं काहीतरी पडत असे. स्वतंत्र पत्र लिहायचं तर कार्ड कोण आणून देणार, टाकायला कोण जाणार, आणि घरातल्या कुणीतरी वाचल्याशिवाय ते जाणार थोडंच? पोचेला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. उलट सरकारच सही मागतंय!

भाडं पणजोबांच्या नावे न पाठवता माईआजींच्या नावे का, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही का? मला तर तिथेच पडला. पणजोबांच्या नावे पाठवलं असतं तर सही पणजोबांची आली असती.

बाई १९३० साली कायमच्या आल्या तेव्हा त्यांचं सामान आलं असणार. डबा पुन्हा बघा. कूपनांपेक्षा लहान, पोस्टाचा शिक्का आणि नुसती सही असलेले कागद आहेत का? कूपनं बहुधा माईआजींनी जपली. पोचा कुणी जपल्या असतील तर त्या बाईंनी.

आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले असतील तर आत्ताच्या आत्ता काढा. कोकणातली हवा आहे, बुरशी धरेल.

---

वेंगुर्लेकार

आमच्या आजयेच्या वाड्यार पण अशी दोन म्हाताऱ्यो होत्यो. एक घोवान टाकलेली, दुसरी रांडाव. दोगी मिळान खानावळ चालवायच्यो, बंदरार उतरलेले लोक थयच जेवक जायचे. एक बांगड्याचा तिखला करी, दुसरी भाकऱ्यो. एकदा दोगींचा भांडाण झाला तर तीन दिवस खानावळ बंद, आणि सगळो बंदर उपाशी! मग गावच्या लोकांनी जावन समजूत घातली. घोव-बायलेच्या भांडणात घालतत तशीच. कोणी काय म्हणूक नाय, पण सगळ्यांका सगळा ठावक होता. आमचो गाव तसो हुशार, पोटाचो प्रश्न इलो की डोळे मिटता.

---

जुनेदस्त

मी दिवाणी बाजूचा वकील, जुने दस्त वाचायचा नाद आहे. सडेतोड यांच्या मुद्द्यापेक्षा मला वेगळीच बाजू महत्त्वाची वाटते: या दोघींना धोका नेमका कशाचा होता?

फौजदारी कायद्याचा फारसा नव्हता. "अनैसर्गिक" संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे १८६० च्या दंडसंहितेतलं, पण दोन बायका हा विषय त्या कलमाच्या मनात नव्हताच. गंमत म्हणजे १९२१ साली विलायतेच्या पार्लमेंटात बायकांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवायची सूचना आली होती. उमरावांच्या सभेने ती फेटाळली. तिथला युक्तिवाद असा की कायदा केला तर ज्या बायकांच्या हे स्वप्नातही नाही त्यांना ते कळेल! तुमच्या कूपनांच्या मधोमधचं हे साल.

धोका होता तो पोटाचा. एकत्र कुटुंबातल्या विधवेला वाटा नव्हता, हक्क फक्त अन्नवस्त्राचा. आणि वर्तन वाईट ठरलं तर तोही जाऊ शकत असे. १९३७ साली विधवांच्या मिळकतीचा कायदा आला, पण नवरा त्याआधीच वारला असेल तर त्याचा उपयोग नाही. म्हणजे तुमची माईआजी मरेपर्यंत पुतण्यांच्या मर्जीवर. बाईंचं म्हणाल तर शाळेची नोकरी चारित्र्याच्या दाखल्यावर टिकलेली. एका निनावी अर्जावर थेट राजापूरला रवानगी. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे मंडणगडापासून वेंगुर्ल्यापर्यंत, सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला. आणि प्रवास आगबोटीने, तीही पावसाळ्यात बंद.

हे ध्यानात घेतलं की दीड रुपयाचं मोल कळतं. भाडं देणारी बाई ही घराला पाहुणी नाही, ओझं नाही, भाडेकरू आहे. तिला "कशाला आलीस" म्हणायची सोय नाही. पावती आहे. माझ्या पाहण्यात इतका पक्का बंदोबस्त वकिलांनीसुद्धा क्वचित केलेला आहे.

सडेतोड, जिव्हाळा असतो, कबूल. पण जिव्हाळ्याला सहसा बारा वर्षं रिकाम्या खोलीचं भाडं भरावं लागत नाही.

---

खाडीपलीकडची

मोडीवाले, तुम्ही माझी झोप घालवलीत.

काल गावाहून भावाने डबा आणून दिला (प्लास्टिकच्या पिशवीतून, त्याला तुमचा निरोप जसाच्या तसा ऐकवला). तळाशी दुमडलेला पोथीचा कागद होता, तो मी डब्याचं अस्तर समजत होते. त्यात पोचा आहेत. तारखेवार लावलेल्या, दोऱ्यात ओवलेल्या.

पहिल्या चार-पाचांवर अंगठा. अंगठा ओढून घेतल्यासारखा, एकावर तर शाई नुसती फरपटली आहे. मग एकावर अंगठ्याच्या शेजारी एक अक्षर, नावातलं पहिलंच. पुढच्या महिन्यात दोन. पूर्ण नाव येईपर्यंत १९१८ चा उन्हाळा आला. वेलांटी खरंच ऱ्हस्व आहे! आणि ते कूपन गेल्यानंतरच्या पोचेवर दीर्घ, इतकी दीर्घ की शेपूट चौकटीबाहेर, छापील अक्षरांवरून गेलंय. मी एकटीच हसत बसले होते.

साथीच्या महिन्यातली सही पार कोलमडलेली आहे, पण आहे. "वाकडे चालेल" म्हटलं होतं ना.

१९२२ नंतर सहीपुढे एखाददुसरा शब्द येतो. "मोहर आला." "गाय व्याली." "अनंत फुलला." एकदा नुसतं "ये." बाई वयाने आणि शिक्षणाने मोठ्या, चारचौघांत माईआजी त्यांना अहोजाहो करायची असं वडील सांगतात.

सडेतोड, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर देते. तिला चाललं असतं का, माहीत नाही. पण जिला विसरायचं असतं ती चूल जवळ असताना कागद तारखेवार लावून ठेवत नाही.

---

अबोली

इथे वर्षानुवर्षं नुसती वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

मी साठीच्या पुढची. रत्नागिरी जिल्ह्यातच, एका वाडीत, माझ्या जोडीदारणीबरोबर राहते. दोघी एकाच शाळेत नोकरीला होतो. गाव आम्हाला "दोघी बाई" म्हणतं, लग्नाची आमंत्रणं एकाच पत्रिकेवर येतात, हळदीकुंकवाला एकीला बोलावलं की दुसरीचं वाण बरोबर देतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाचा ३७७ चा निकाल आला तेव्हा आम्ही टीव्हीसमोर वाटाण्याच्या शेंगा सोलत होतो. ती म्हणाली, "आपण गुन्हेगार होतो होय, मला वाटलं मास्तरणी होतो."

पण १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने आमच्यासारख्यांना लग्नाचा हक्क नाही म्हटलं, त्याचा अर्थ आम्हाला दोन महिन्यांत कळला. तिचं हृदयाचं ऑपरेशन होतं. एका मोठ्या इस्पितळात फॉर्मवर "रुग्णाशी नातं" असा रकाना. मी लिहिलं "एकत्र राहतो". काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मावशी, हे नातं नाही, हा पत्ता झाला." शेवटी तिचा भाचा सांगलीहून आला, सहा वर्षांत ज्याने फोन केला नव्हता तो, आणि त्याची सही चालली.

म्हणून ते सुतकाचं वाचलं आणि पुढचं मला दिसेना. तुमच्या आजोबांनी बाईंना जी पळवाट दिली ती किती सोयीची होती! दिवा लावायचा, जेवणखाण नेहमीचं, घरालाही मदत. त्यांनी ती घेतली नाही. सुतक हे काही कुणी हौसेने मागत नाही. त्यांनी ते हक्क म्हणून घेतलं.

माईआजींच्या नोंदीत काय लिहायचं ते तुम्ही लिहाच. पण मला विचाराल तर खरा प्रश्न बाईंचा आहे. माईआजीची निदान "पत्नी बालविधवा" एवढी तरी ओळ आहे. बाई कुणाच्या कुलवृत्तांतात आहेत? सासरच्यांनी आश्रमात गेली म्हणून गाळलं असेल, माहेरच्यांनी लग्न होऊन गेली म्हणून. तुमच्या घरात त्या किती वर्षं राहिल्या? त्यांचं नाव तुमच्याच ग्रंथात यायला हवं. आमच्यासारख्यांना काय म्हणायचं ते लोक ठरवोत, नाव पूर्ण लिहा म्हणजे झालं.

---

सडेतोड

अबोलीताई, इस्पितळाचं वाचून वाईट वाटलं. माझं मत सगळं बदललं असं म्हणणार नाही. पण पोचांचं वाचल्यावर "निर्वंश" हा शब्द मलाही बोचायला लागला. तो काढा.

---

खाडीपलीकडची

सगळ्यांचे मनापासून आभार. अबोलीताई, तुमचं लिहिणं वडिलांना वाचून दाखवलं. ऐकल्यावर त्यांनी एक सांगितलं जे आजवर कधी बोलले नव्हते. माईआजी गेल्यावरही बाई दर महिन्याच्या एक तारखेला आजोबांच्या हातावर भाडं ठेवायच्या. आजोबा म्हणायचे, "आता कशाला?" त्या म्हणायच्या, "खोली दोघींची आहे." १९५८ ला त्या गेल्या, तोवर. आजोबांनी ते पैसे वेगळे ठेवले आणि दरवर्षी माईआजीच्या तिथीला त्यातून खर्च केला. आजोबा मला वाटले होते त्यापेक्षा शहाणे निघाले.

काल समितीला मजकूर पाठवला, तो असा (नावं इथे गाळते):

"पत्नी (नाव), माहेर गुहागर. जन्म अंदाजे १८९०, मृत्यू १९५१. बाराव्या वर्षी वैधव्य. प्रौढपणी लिहायला शिकल्या. पुढे आगराचा हिशेब त्यांच्याकडे असे. प्राथमिक शिक्षिका (नाव) आणि त्या एकमेकींच्या आयुष्याच्या सोबती. बाईंनी बदलीच्या काळातही, १९१७ ते १९२९, या घरातली आपली खोली भाडं भरून राखली. १९३० पासून दोघी येथे एकत्र राहिल्या. माईंच्या निधनानंतर बाईंनी दहा दिवस सुतक पाळले. बाईंचा मृत्यू १९५८, याच घरी."

संध्याकाळी समितीच्या एका ज्येष्ठांचा फोन. मजकूर छान आहे म्हणाले, पण सुतकाचं वाक्य काढता येईल का, आणि या बाई नक्की कोणत्या खान्यात घालायच्या, कारण आमच्याकडे मुलगी, सून आणि दत्तक एवढेच खाने आहेत. मी म्हटलं, सुतकाचं वाक्य राहणार, खाना तुम्ही शोधा. ते म्हणाले, बैठकीत ठेवतो. ठेवू देत. बैठकीला मी जाणार आहे, पोचांचा दोरा घेऊन.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "निर्वंश खोडलंस ना?"

आता एक मदत हवी. बाईंचं माहेरचं आडनाव आमच्या घरात कुणालाच आठवत नाही. कूपनांवर सासरचं आहे. १९१७ ते १९२९ या काळातली राजापूरच्या मुलींच्या शाळेची जुनी दप्तरं कुणी पाहिली आहेत का? शिक्षकांच्या हजेरीत किंवा सेवापुस्तकात वडिलांचं नाव असू शकेल. मोडीवाले, सहा-सात कूपनं मोडीत आहेत, घाईत लिहिल्यासारखी. फोटो कसे काढून पाठवू ते सांगा. एकात "हर्णै" आणि "पडाव" एवढंच लागतंय, पुढच्या दोन ओळी अजिबात नाहीत.